न्यूपोर्टचे दोन पाठ



ज्या मास्तरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या शाळेत आम्हांला मराठी शिकविले. परंतु मळमड्डीतील बहुतेक घरांना ते परिचित होते ते गाण्याच्या बैठकीतील एक जाणते श्रोते म्हणून. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात संगीताचा विषय निघावा यात कोणास नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते मी निवडलेल्या गावाचे. कुंदगोळ येथून हाकेच्या अंतरावर असताना, किराणा आणि जयपूर या दोन्ही घराण्यांचे गाणे ज्या शहराने पोटाशी धरले त्या धारवाडात उभे राहून, मी अमेरिकेतील न्यूपोर्ट या गावी ७ जुलै १९५६ रोजी रात्री झालेल्या एका जॅझ मैफलीविषयी बोलणार आहे. ड्यूक एलिंग्टन हा पियानोवादक आणि त्याचा वाद्यवृंद यांच्या त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास, एवढाच आजचा विषय.

मी संगीताचा अभ्यासक नव्हे. माझे आयुष्य जुन्या मराठी ग्रंथांचे पाठभेद पाहण्यात गेले. पण हे प्रकरण मुळात पाठचिकित्सेचेच आहे, आणि म्हणूनच ते माझ्या मनात इतकी वर्षे घर करून राहिले.

ग्रंथाचा पाठ म्हणजे काय, हे या शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२ मध्ये. त्यानंतर जवळजवळ तीन शतके ती नकलून घेतली गेली. नकलणाऱ्यांच्या हातून शब्द बदलले, ओव्या वाढल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी अनेक प्रती पाहून ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदही दिली. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी, आपणांस मिळालेली प्रत एकनाथपूर्व आहे या भूमिकेतून, निराळा पाठ छापला आणि मोठा वाद माजला. त्या वादात आज शिरत नाही. सांगायचे एवढेच की, शुद्ध करणे आणि जसे होते तसे राखणे ही दोन भिन्न कामे आहेत. दोन्ही आदरणीय, पण एकाला दुसऱ्याचे नाव दिले की घोटाळा होतो.

आता जॅझकडे वळतो. हे संगीत आपल्याला अगदीच परके नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. त्यापाठोपाठ आला टेडी वेदरफर्ड. हा शिकागोचा पियानोवादक १९२६ मध्येच आशियाकडे निघून आला होता. शांघाय, मुंबई, कलकत्ता असा फिरत राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने गेला. या मंडळींच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले. गोव्याच्या चर्चशेजारच्या शाळांतून मेस्त मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. ते शिक्षण घेऊन ही मुले मुंबई गाठीत. हळदोण्याचा आंतोनियु शाव्हिएर व्हाज हा ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागला. १९५० च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली, हॉटेलांतील नाचगाण्याला ओहोटी लागली आणि यांतले अनेक वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ साली ‘अलबेला’ला जे संगीत दिले त्यात चिक चॉकलेटचा हात होता. भगवानदादांच्या ज्या नाचावर आमच्या पिढीने शिट्ट्या मारल्या त्यात शिकागोचा अंश होता, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते एवढेच.

मलाही ते एका गोवेकर मित्राकडूनच कळले. १९६८ साली नाताळच्या सुटीत मी त्याच्या मडगावच्या घरी गेलो होतो. त्याचे काका मुंबईच्या हॉटेलांतून सॅक्सोफोन वाजवून परत आलेले. त्यांनी एक तबकडी लावली आणि मला खुर्चीत बसवून, बोलायचे नाही असे बजावले. ती तबकडी ‘एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट’ ही होती.

त्या तबकडीची पूर्वपीठिका अशी. एलिंग्टनचा जन्म १८९९ चा, वॉशिंग्टनचा. १९२० ते १९४० या काळात त्याच्या वाद्यवृंदाने कीर्ती मिळविली. तो स्वतः पियानोवर बसे; पण त्याचे खरे वाद्य म्हणजे त्याचे पंधरा-सोळा वादक, असे जाणकार म्हणत, आणि ते बरोबर आहे. अमक्या सुरासाठी ट्रंपेट हवा असे तो लिहीत नसे, तर अमका माणूस हवा असे लिही. आपल्याकडे नाटककार विशिष्ट नटासाठी भूमिका लिहीत, तसेच हे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले, एकामागून एक मोडले. एलिंग्टनने आपला टिकविला, पण उतरती कळा लपत नव्हती. १९५५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका जलक्रीडेच्या तमाशाला साथ करण्याची पाळी या मंडळींवर आली.

१९३७ साली त्याने ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ नावाची रचना केली होती. पहिल्या भागात आवाज हळूहळू ओसरत जातो, दुसऱ्यात तो चढत जातो. त्या काळी तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. म्हणून एक भाग एका बाजूस आणि दुसरा दुसऱ्या बाजूस असे मुद्रण झाले. मध्ये श्रोत्याने उठून तबकडी उलटायची! या तीन मिनिटांनी आपल्या संगीताचेही काय केले ते धारवाडकरांना सांगायला नको. १९०२ साली भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हापासून अर्धशतक आमच्या थोर गायकांनी तासाचा ख्याल तीन मिनिटांत बसविला. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तरुणपणीच्या तबकड्या ऐकाव्यात आणि मग त्यांच्या उतारवयातील आकाशवाणीवरील गाणे ऐकावे. पहिल्यात चपळाई आहे, तेज आहे, पण राग जणू डब्यात भरून दिला आहे. एलिंग्टनच्या रचनेतली ती मधली फट मात्र पुढे फार उपयोगी पडली. प्रत्यक्ष मैफलीत त्या फटीत एखाद्या वादकाला मोकळे सोडावे, अशी युक्ती त्याला सुचली होती.

न्यूपोर्ट हे र्‍होड आयलंड राज्यातील श्रीमंतांचे समुद्रकाठचे गाव. जॉर्ज वाइन याने १९५४ मध्ये तेथे जॅझचा उत्सव सुरू केला. १९५६ साली फ्रीबॉडी पार्कच्या मैदानात तो भरला. शनिवारी संध्याकाळी एलिंग्टनने थोडेसे वाजविले. त्याचे काही वादकही तेव्हा वेळेवर हजर नव्हते. त्याची खरी पाळी आली ती मध्यरात्रीच्या सुमारास, इतर सर्वांच्या मागून, लोक घरी निघण्याच्या वेळी. उत्सवासाठी त्याने आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने एक तीन भागांची नवी रचना बांधली होती. ती वाजविली, टाळ्या पडल्या, बेताच्या. तालीम पुरेशी झालेली नव्हती. मग त्याने १९३७ ची ती जुनी रचना काढली आणि मधल्या जागेसाठी पॉल गोन्साल्विस याला पुढे केले.

हा गोन्साल्विस अमेरिकेतच जन्मलेला, पण मूळचा केप व्हर्दच्या बेटांवरील पोर्तुगीज वळणाच्या कुटुंबातला. आडनाव ऐकून मडगावचे काका त्याला आपलाच मानीत, आणि मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

त्याने काय वाजविले ते आपल्या परिभाषेत सांगून पाहतो. ‘ब्लूज’ या आकृतीचे एक आवर्तन प्रत्येकी ४ मात्रांच्या १२ खंडांचे, म्हणजे ४८ मात्रांचे असते. आपल्याकडे अतिविलंबित एकतालात तबलजी १२ मात्रांपैकी प्रत्येकीचे ४ भाग करून ठेका भरतो. तेथेही हिशेब ४८ चाच. फरक असा की, ब्लूजमध्ये लय द्रुत असू शकते, आणि ठेक्याबरोबर पियानोच्या स्वरसंगतींचाही क्रम ठरलेला असतो. तो क्रम फिरून मूळ घरी आला की नवे आवर्तन सुरू. वादकाने या चौकटीत दरवेळी नवे काही सांगायचे. चार-सहा आवर्तने झाली की सामान्यतः दुसऱ्याला वाट देतात. गोन्साल्विसने त्या रात्री २७ आवर्तने वाजविली. १२९६ मात्रा, सहा मिनिटांहून अधिक, न थांबता.

त्यात फार गुंतागुंतीची तान नाही. ताल धरून तो पुढे पुढे जात राहतो, एका आवर्तनाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी बांधतो. सातव्या-आठव्या आवर्तनाच्या आसपास श्रोत्यांत हालचाल सुरू झाली. काळ्या पोशाखातील एक सोनेरी केसांची स्त्री आपल्या जागेवरून उठून नाचू लागली. रंगमंचाच्या कडेला काउंट बेसीचा जुना ढोलवादक जो जोन्स उभा होता. तो हातातील वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून ताल देऊ लागला, आणि त्याच्याकडे पाहून वाद्यवृंदाचा ढोलवादक सॅम वुडयार्ड अधिक जोर धरू लागला. हजारो माणसे उभी राहिली. आरडाओरडा इतका की, दंगल होईल या भीतीने वाइनने मैफल आवरण्याची खूण केली. एलिंग्टनने ती न जुमानता पुढे आणखी वाजविले. मुरलेल्या माणसाला ठाऊक होते की, अशा जमावाला एकदम सोडले तर तो बिथरतो, हळूहळू उतरवावे लागते.

आणि येथे आपल्या प्रकरणाची मूळ गोम आहे. रंगमंचावर दोन मायक्रोफोन होते. एक कोलंबिया कंपनीचा, तिला तबकडी काढायची होती. दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकन सरकारच्या नभोवाणीचा. गोन्साल्विस पुढे आला तो चुकून नभोवाणीच्या मायक्रोफोनपुढे उभा राहिला. कोलंबियाच्या फितीवर जमावाचा गलका होता, ढोल होता. ज्याच्यामुळे तो गलका उठला त्याचा सॅक्सोफोन मात्र दूर कोठेतरी, विहिरीतून आल्यासारखा.

कंपनीचा निर्माता जॉर्ज अ‍ॅवाकियन होता. नवी रचना तालमीअभावी कच्ची वाजली, याबद्दल एलिंग्टनही असमाधानी होता. तेव्हा सोमवारी, ९ जुलैला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत वाद्यवृंद पुन्हा बसला. नव्या रचनेचे आणि इतरही काही भागांचे पुन्हा मुद्रण झाले. एलिंग्टनने श्रोत्यांना उद्देशून केलेली निवेदनेही रिकाम्या खोलीत पुन्हा बोलून घेतली. मग त्यावर टाळ्या चढविल्या. गोन्साल्विसची २७ आवर्तने पुन्हा होणे शक्यच नव्हते. ती होती तशी, दुरून येणारी, ठेवली. या मिश्रणाची तबकडी त्याच वर्षी बाजारात आली. एलिंग्टनच्या उभ्या आयुष्यात तिच्याइतकी दुसरी कोणती खपली नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने २० ऑगस्ट १९५६ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापले. तो पुढे म्हणत असे की, आपला जन्म न्यूपोर्टला झाला.

१९६३ साली अमेरिकन सरकारने पाठविलेल्या दौऱ्यात तो आपल्या देशातही आला. दिल्लीत आजारी पडला, मुंबई-मद्रासला वाजवून गेला. दौरा तुर्कस्तानात पोहोचला असता केनेडींची हत्या झाली आणि उरलेले कार्यक्रम रद्द झाले. त्या प्रवासातून झालेल्या ‘फार ईस्ट स्वीट’ मध्ये ‘आग्रा’ नावाची रचना आहे आणि दिल्लीच्या साळुंकीवर एक आहे. गोन्साल्विस या दौऱ्यातही होता. १९७४ च्या मे महिन्यात तो लंडनमध्ये वारला; नऊ दिवसांनी एलिंग्टन गेला.

तबकडी मात्र वाजत राहिली. मडगावच्या काकांनी त्या दिवशी मला टाळ्यांकडे लक्ष द्यायला सांगितले होते. ते म्हणाले, हॉटेलात आम्ही वीस वर्षे जेवणाऱ्यांपुढे वाजविले, असे श्रोते आम्हांला मिळाले नाहीत. आज त्याचे वाईट वाटते. ज्या टाळ्यांचा त्यांना हेवा वाटे त्यांतल्या काही कोणी दिलेल्याच नव्हत्या.

१९९६ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नभोवाणीची ती फीत सापडली. तिच्यावर गोन्साल्विस अगदी समोर, स्वच्छ. फिल शाप या संपादकाने दोन्ही फिती मात्रेला मात्रा जुळवून एक डावीकडे व एक उजवीकडे ठेवली. अशा रीतीने, त्या रात्री कोणाच्या ध्यानीमनी नसताना, दोन अपुऱ्या मुद्रणांतून एक भरीव मुद्रण उभे राहिले. १९९९ मध्ये, एलिंग्टनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते दोन चकत्यांवर प्रसिद्ध झाले. शापने एक गोष्ट फार चांगली केली: स्टुडिओतील भाग टाकून दिले नाहीत. मैफल जशी झाली तशी एकीकडे आणि दुरुस्त प्रत तिच्या शेजारी, असे दोन्ही पाठ त्याने छापले. भांडारकर संस्थेत सुकठणकरांनी महाभारताच्या आवृत्तीत प्रक्षिप्त श्लोक फेकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदविले. त्याच शिस्तीचे हे काम आहे. मी ते प्रथम ऐकले तेव्हा तळटीप ऐकू येऊ शकते, याचा मला विलक्षण आनंद झाला.

मग अ‍ॅवाकियनने केले ते पाप काय? माझे मत असे की, दुरुस्ती हे पाप नव्हे. नव्या रचनेचे स्टुडिओतील वादन खरोखरच अधिक चांगले आहे. सूर जुळलेले आहेत, प्रवेश वेळेवर आहेत. कवीलाही आपली कविता दुसऱ्या आवृत्तीत सुधारण्याचा हक्क असतो. खटकतात त्या टाळ्या. वाद्याचे सूर ही कलावंताची निर्मिती. ती त्याने बदलावी. टाळ्या ही श्रोत्यांची साक्ष असते. ती दुसऱ्याने लिहून दिली की दस्तऐवज बनावट झाला, मग त्यातील बाकीचा मजकूर कितीही खरा असो. शिवाय येथे तर साक्षच निर्णायक होती. त्या स्त्रीने उठून नाचणे, जोन्सने वर्तमानपत्र आपटणे, यांवाचून गोन्साल्विस दहाव्या आवर्तनाला थांबला असता. जमाव त्या वादनाच्या बाहेर नव्हता. त्याच्या आतच होता. कुंदगोळच्या वाड्यात रात्रभर बसलेल्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

हा सारा इतिहास मी तिऱ्हाइताच्या न्यायबुद्धीने सांगतो आहे असा आपला समज होऊ नये, म्हणून एक कबुली देणे भाग आहे.

१९७८ साली मळमड्डीतील एका घरी बैठक झाली. गायकाचे नाव येथे आवश्यक नाही. आमचे मास्तर पुढच्या रांगेत, खांबाला टेकून बसले होते. घरमालकांच्या स्पूलच्या यंत्रावर दोन तासांहून अधिक मुद्रण झाले. काही महिन्यांनी मी ते नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर उतरवून घेतले. सगळे मावणार नव्हते. मी तेव्हा तरुण प्राध्यापक होतो, नुकतीच पीएच.डी. झालेली, हातात संपादनाची सवय. थांबविण्याची कळ दाबून दाबून मी तंबोऱ्यांची जुळवाजुळव काढली, खोकले काढले, चहाच्या कपांचा आवाज काढला, दोन चिजांच्या मध्ये मास्तर गायकाला एका जुन्या बंदिशीच्या शब्दांविषयी काही विचारीत होते ते काढले, आणि प्रत्येक समेनंतरची दाद काढली. गाणे तेवढे ठेवले. शुद्ध प्रत तयार केली! स्पूल महाग असत. घरमालकांनी माझ्या प्रतीवर भरवसा ठेवून तीवर दुसरे काही मुद्रित केले.

मास्तर पाच वर्षांनी गेले. त्यांचा आवाज कोठेच मुद्रित झालेला नाही. त्या बंदिशीचा कोणता शब्द त्यांना खटकला होता आणि गायकाने काय उत्तर दिले, हे मला आता आठवत नाही. पाठभेदाचा तो एक अस्सल पुरावा होता, आणि पाठभेदांवर पदवी मिळविलेल्या माणसाने तो पुसला.

१९५० पासून धारवाड आकाशवाणीने या भागातील गाणे मुद्रित केले आहे. पण घराघरांतून झालेल्या बैठकींच्या फिती अजून मळमड्डीत माळ्यांवर, ट्रंकांत पडून असतील. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांना माझी विनंती आहे की, त्या संगणकावर उतरवून घेताना पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत उतरवाव्यात. नंतर हवी तर सुबक प्रत निराळी करावी आणि तिच्यावर ती सुबक प्रत असल्याचे लिहावे. तारीख, घर आणि समोर कोण बसले होते तेही लिहावे.

माझी कॅसेट अजून आहे. गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा ऐकली. दाद काढलेल्या प्रत्येक जागी एक बारीक टक् असा आवाज येतो आणि गायक लगेच पुढचे आवर्तन उचलतो, जणू खोलीत कोणी नव्हतेच. दुसऱ्या बाजूस मात्र, द्रुत चिजेच्या अखेरीस, एक लांब तान समेवर येण्याच्या आधीच मागून कोणी तरी ‘भेष’ म्हणते. तान चालूच आहे, म्हणून तो शब्द तिच्या अंगावर पडला आहे. मास्तरांना राहवले नसावे. सुरापासून तो वेगळा करता येईना, म्हणून मी तो ठेवला होता.